‘तराना’ आणि ‘तराणा’ : एका शब्दाच्या अनेक अर्थांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंदी आणि उर्दूत ‘गाणे’ या अर्थाचे पुष्कळ शब्द आहेत. त्यांपैकी ‘तराना’ हा शब्द मराठी वाचकाला निरनिराळ्या प्रसंगी भेटतो. गाण्याच्या मैफलीत तो बोलांच्या, म्हणजे अर्थाऐवजी नादासाठी म्हटल्या जाणाऱ्या अक्षरांच्या, झपाट्याने येतो, उर्दू वर्तमानपत्रात राष्ट्रगीताचे नाव म्हणून येतो, विद्यापीठाच्या समारंभात त्या संस्थेचे गीत म्हणून येतो, तर हिंदी कवितेत नुसत्या ‘गाण्या’च्या अर्थाने येतो. हे अर्थ एकमेकांत मिसळून गोंधळ होतो, म्हणून नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

‘तराना’ हा शब्द मूळ कोणत्या भाषेतला आहे?

तो फारसी शब्द आहे. जुन्या फारसी कोशांत त्याचा एक अर्थ ‘कोवळा, टवटवीत, देखणा तरुण’ असा दिलेला आढळतो, आणि दुसरा अर्थ ‘गाण्याची लहान रचना’ असा. फारसीत ‘तर’ म्हणजे ओला, ताजा. या शब्दाशी ‘तराना’चा संबंध जोडला जातो. तेराव्या शतकातील फारसी छंदशास्त्रकार शम्स-ए-कैस राझी याने चार चरणांच्या रुबाईच्या जन्माची एक कथा सांगितली आहे. अक्रोडांशी खेळणाऱ्या एका लहान मुलाच्या तोंडून सहज निघालेल्या लयबद्ध ओळीवरून एका कवीला हा छंद सुचला, आणि मुलाच्या त्या कोवळेपणावरून रचनेला ‘तराना’ म्हटले गेले, असे ती कथा सांगते. कथा म्हणूनच ती वाचावी. तरीही तिच्यातून एक गोष्ट निश्चित कळते, ती म्हणजे त्या काळी ‘तराना’ म्हणजे गायली जाणारी छोटी, चार चरणांची कविता होती. पुढचे बहुतेक अर्थ या गायिल्या जाणाऱ्या छोट्या कवितेपासून फुटले आहेत.

मराठीत ‘तराणा’ आणि हिंदी-उर्दूत ‘तराना’, असा फरक का आहे? यांपैकी बरोबर कोणते?

दोन्ही बरोबर आहेत. फारसीतून आलेल्या काही शब्दांतील ‘न’ मराठीने ‘ण’ केला. ‘बहाना’चा ‘बहाणा’ झाला, ‘निशान’चे ‘निशाण’ झाले, तसाच ‘तराना’चा ‘तराणा’ झाला. मराठी गवई, शिक्षक आणि संगीतावरील मराठी पुस्तके प्रायः ‘तराणा’ असेच म्हणतात आणि लिहितात. मात्र मराठीतील ‘तराणा’ हा शब्द मुख्यतः शास्त्रीय संगीतातील त्या विशिष्ट गानप्रकारापुरता राहिला आहे. राष्ट्रगीत किंवा संस्थेचे गीत या अर्थाने तो मराठीत रुळला नाही. म्हणून या पृष्ठावर गानप्रकारासाठी ‘तराणा’ आणि उर्दूतील इतर अर्थांसाठी ‘तराना’ असे लेखन ठेवले आहे. दोन्ही भाषांत शब्द पुल्लिंगी आहे.

वाक्यात नेमका कोणता अर्थ आहे, हे कसे ओळखावे?

शब्दाच्या शेजारी काय आहे ते पाहावे. ‘कौमी’ (राष्ट्रीय), ‘मिल्ली’ (समाजाचा) किंवा एखाद्या संस्थेचे नाव जवळ असेल, तर ते सर्वांनी मिळून उभे राहून म्हणायचे गीत असते. रागाचे आणि तालाचे नाव जवळ असेल, तर तो शास्त्रीय संगीतातील प्रकार असतो. ‘प्यार का तराना’, ‘खुशी के तराने’ अशी रचना असेल, किंवा ‘छेड़ना’, ‘गुनगुनाना’ अशी क्रियापदे असतील, तर अर्थ नुसता ‘गाणे’ किंवा ‘सूर’ इतकाच असतो. हिंदी चित्रपटांनी या तिसऱ्या अर्थाचा सढळ वापर केला. दिलीप कुमार आणि मधुबाला यांच्या १९५१ च्या एका चित्रपटाचे नावच ‘तराना’ होते.

‘कौमी तराना’ म्हणजे ‘राष्ट्रगीत’ की ‘राष्ट्रगान’?

येथे मराठी आणि हिंदी यांच्यातील फरक लक्षात न घेतल्यास चूक होते. ‘जन गण मन’ला मराठीत ‘राष्ट्रगीत’ म्हणतात, हिंदीत ‘राष्ट्रगान’ म्हणतात आणि उर्दूत ‘कौमी तराना’ म्हणतात. ‘वंदे मातरम्’ला हिंदीत ‘राष्ट्रगीत’ आणि उर्दूत ‘कौमी गीत’ म्हणतात. त्यामुळे हिंदी मजकुरातील ‘राष्ट्रगीत’ हा शब्द मराठीत जसाच्या तसा उचलला, तर वाचकापुढे चुकीचे गीत उभे राहते. संविधान सभेत २४ जानेवारी १९५० रोजी या दोन्ही गीतांचे स्थान जाहीर झाले, त्या निवेदनाची भाषांतरे वाचताना हा भेद विशेष सांभाळावा लागतो.

‘तराना-ए-हिंदी’ हे हिंदी भाषेतील गीत आहे का?

नाही. ते उर्दूतील गीत आहे आणि नावातील ‘हिंदी’ हा शब्द भाषेचा निर्देश करीत नाही. फारसी आणि जुन्या उर्दू वापरात ‘हिंदी’ म्हणजे हिंदचा रहिवासी, भारतीय. ‘तराना-ए-हिंदी’ म्हणजे भारतवासीयांचे गीत. गीतात कवी ‘हिंदी हैं हम’ असे म्हणतो, तेव्हाही अर्थ तोच असतो. मधला ‘ए’ हा फारसीतील संबंध दाखवणारा प्रत्यय आहे आणि मराठीतील ‘चा, ची, चे’चे काम तो करतो.

‘सारे जहाँ से अच्छा’ या आरंभाने सर्वांना ठाऊक असलेले हे गीत मुहम्मद इक्बाल यांनी लिहिले आणि ते १९०४ साली प्रसिद्ध झाले. रचना गझलेच्या बांधणीची आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही, कारण आपण ते समूहगीत म्हणूनच ऐकत आलो आहोत. आज प्रचलित असलेल्या चालीचा मुंबईशी थेट संबंध आहे. इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशनच्या मुंबईतील पथकासाठी काम करीत असताना पंडित रविशंकर यांनी १९४५ च्या सुमारास ती बांधली. लष्करी वाद्यवृंदात ती संचलनाची धून म्हणून वाजते. अंतराळात गेलेले पहिले भारतीय राकेश शर्मा यांना १९८४ साली पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी वरून भारत कसा दिसतो असे विचारले, तेव्हा त्यांनी याच गीताचे आरंभीचे शब्द उत्तरादाखल म्हटले.

इक्बाल यांनी पुढे १९१० साली ‘तराना-ए-मिल्ली’ लिहिला. छंद आणि बांधणी जवळजवळ पहिल्यासारखीच आहे, परंतु त्यात ‘आम्ही’ म्हणजे भारतवासी नसून जगभरचा मुस्लिम समाज आहे. एकाच कवीच्या विचारात सहा वर्षांत झालेला बदल या दोन रचना शेजारी ठेवल्यावर दिसतो. दोन्हींना ‘तराना’ म्हटले आहे, कारण शब्दाचा रोख आशयावर नसून एका समूहाने एका आवाजात म्हणण्यावर आहे.

पाकिस्तानच्या राष्ट्रगीतालाही ‘कौमी तराना’ म्हणतात ना?

होय, तेथे ते त्याचे अधिकृत नाव आहे. त्याची चाल अहमद गुलामअली छागला यांनी १९४९ साली बांधली. शब्द नंतर आले; ते हफीज जालंधरी यांचे आहेत, आणि ऑगस्ट १९५४ मध्ये ते गीत अधिकृतपणे स्वीकारले गेले. गीताची भाषा उर्दू म्हटली जात असली, तरी ती इतकी फारसीप्रचुर आहे की संपूर्ण गीतात ‘का’ हा एकच शब्द निखळ उर्दू व्याकरणाचा आहे.

येथे एक लक्षणीय गोष्ट अशी की, खुद्द इराणमध्ये राष्ट्रगीताला ‘तराना’ म्हणत नाहीत. तेथे त्यासाठी ‘सुरूद’ हा शब्द आहे. म्हणजे राष्ट्रगीत हा ‘तराना’चा अर्थ फारसीतून आयता आलेला नाही, तो उर्दूने येथे घडवला आहे.

विद्यापीठांचे आणि शाळांचे ‘तराने’ कोणते?

सर्वांत प्रसिद्ध आहे तो अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचा. तेथेच शिकलेले कवी असरारुल हक ‘मजाज’ यांनी लिहिलेली कविता पुढे विद्यापीठाचा तराना झाली. दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाचा आणि देवबंदच्या दारुल उलूमचाही स्वतःचा तराना आहे. अनेक उर्दू माध्यमाच्या शाळाही आपापल्या शालेय गीताला ‘तराना’ म्हणतात. मराठीत यासाठी ‘विद्यापीठगीत’ किंवा ‘शाळेचे गीत’ म्हणणेच योग्य. ‘शाळेचा तराणा’ म्हटले तर मराठी कानाला द्रुत तीनतालातली बंदिश ऐकू येईल.

शास्त्रीय संगीतातील तराणा म्हणजे नेमके काय?

ख्याल या रागसंगीतातील मुख्य गानप्रकाराप्रमाणेच तराण्यालाही राग असतो, ताल असतो, अस्ताई आणि अंतरा, म्हणजे बंदिशीचा पहिला आणि दुसरा भाग, असतो. फरक शब्दांचा आहे. देवाची स्तुती, विरह, ऋतू असे काही सांगणाऱ्या पदाऐवजी तराण्यात ‘ना’, ‘ता’, ‘तोम’, ‘तनन’, ‘दिर दिर’, ‘दानी’, ‘ओदानी’, ‘तदानी’, ‘यलली’ यांसारखे बोल असतात. पुष्कळ तराणे द्रुत तीनतालात किंवा द्रुत एकतालात बांधलेले असतात. परंतु विलंबित लयीतील तराणेही आहेत, आणि ते ऐकल्यावर ‘तराणा म्हणजे वेग’ हे समीकरण अपुरे असल्याचे कळते.

चांगल्या तराण्याची परीक्षा वेगावर नसते. वेग वाढला तरी प्रत्येक बोलाचा उच्चार स्वच्छ राहिला पाहिजे, बोलाबोलाला लागणारा स्वर रागाच्या चलनात बसला पाहिजे आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना घाई दिसता कामा नये. ‘दिर दिर’ म्हणताना जिभेचे टोक टाळूजवळ अतिशय हलके आणि वारंवार फिरते. ते जड झाले की अक्षरे एकमेकांत चिकटतात आणि राग मागे पडून नुसता कोलाहल उरतो. शब्दार्थाचा आधार काढून घेतल्यामुळे गवयाजवळ स्वर, लय आणि नाद एवढेच उरते. म्हणूनच तराण्यात रागाची जाण लपून राहत नाही.

तराण्यातील बोलांना अर्थ असतो का?

या प्रश्नावर फार पूर्वीपासून मतभेद आहेत, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने द्यावे लागते.

तराण्यातील बोल मूळचे अर्थपूर्ण फारसी शब्द आहेत, या मताचे मोठे पुरस्कर्ते इंदूरचे उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) होते. त्यांनी या विषयाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि स्वतःच्या तराण्यांत फारसी रुबायांचा समावेश केला. त्यांच्या मांडणीनुसार ‘तनन दर आ’ म्हणजे ‘माझ्या देहात प्रवेश कर’, ‘तू दानी’ म्हणजे ‘तू जाणतोस’, ‘ओ दानी’ म्हणजे ‘तो जाणतो’, ‘यला’ म्हणजे ‘या अल्लाह’ आणि ‘यली’ म्हणजे ‘या अली’. तराणा हा सूफी साधकाचा जप आहे, असा याचा इत्यर्थ. संगीताचे अभ्यासक ठाकूर जयदेव सिंह यांचेही मत जवळपास असेच होते. निरर्थक अक्षरांची गाणी भारतात पूर्वीपासून होती, परंतु दिल्लीचा मध्ययुगीन कवी अमीर खुस्रो याने त्यात मृदू फारसी शब्द आणून त्यांना अर्थ दिला. पुढच्या रचनाकारांना ते साधले नाही आणि तराणा पुन्हा निरर्थक झाला, असे ते म्हणत.

याच्या नेमकी उलट बाजूची व्युत्पत्ती ध्रुपदाच्या परंपरेत सांगितली जाते. आलापातील, म्हणजे तालाविना केलेल्या रागविस्तारातील, नोम्-तोमचे बोल हे ‘ॐ अनंत हरि नारायण, तरण तारण त्वम्’ अशा मंत्राचे विखुरलेले अवशेष आहेत, असे डागर परंपरेतील गायक सांगत आले आहेत. बोल बरेचसे सारखेच आहेत. एका परंपरेला त्यांत अली ऐकू येतो आणि दुसरीला हरी.

भाषेच्या दृष्टीने पाहिले, तर फारसी उलगड्यातील काही भाग पटतो आणि काही पटत नाही. ‘तन’ म्हणजे देह आणि ‘दर आ’ म्हणजे आत ये, हे फारसीत सरळ आहे. ‘दानी’ मात्र द्वितीय पुरुषाचे रूप आहे. ‘तू दानी’ हे शुद्ध, पण ‘तो जाणतो’ यासाठी फारसीत ‘दानद’ हवे, त्यामुळे ‘ओ दानी’चा अर्थ व्याकरणात बसत नाही. शिवाय असेच बोल भारताबाहेरही आढळतात. तुर्कस्तानच्या उस्मानी दरबारी संगीतात बंदिशीच्या मधोमध ‘तेन नेन नी’, ‘येल लेल ली’ असे बोल येतात आणि तेथे ते लय भरून काढणारे नादमय बोल म्हणूनच ओळखले जातात. एवढ्या मोठ्या प्रदेशात पसरलेल्या बोलांचा एकच गुप्त अर्थ असेल, असे मला वाटत नाही.

मला यातली अधिक महत्त्वाची बाब वेगळी वाटते. अर्थ शोधण्याची ही धडपड तराण्यावरच्या प्रेमातून येते, परंतु तिच्या मुळाशी एक गृहीतक आहे की शब्दार्थ नसेल तर गाणे कमी दर्जाचे ठरते. हे गृहीतक स्वीकारण्याचे कारण नाही. सतारीच्या गतीला आपण अर्थ विचारत नाही आणि पखवाजाच्या परणीलाही विचारत नाही. ज्या गायकाला बोलांत ईश्वराचे नाव ऐकू येते, त्याच्या गाण्यात त्या श्रद्धेने खरोखर काही उतरते, हे अमीर खाँसाहेबांचे तराणे ऐकणारा कोणीही मान्य करील. तो भाव त्यांचा आहे आणि खरा आहे; व्युत्पत्तीचा पुरावा म्हणून मात्र तो पुढे करू नये.

तराण्याचा शोध अमीर खुस्रोने लावला, हे खरे आहे का?

परंपरा तसे मानते, आणि ही परंपरा जुनी आहे, पण खुस्रोच्या काळाइतकी जुनी नाही. खुस्रो १२५३ ते १३२५ या काळातला. दिल्लीत गायिले जाणारे ‘कौल’ (अरबी वचनावर बांधलेले गीत) आणि ‘तराना’ हे प्रकार त्याने इराणी आणि भारतीय पद्धतींच्या मेळातून रूढ केले, असा उल्लेख अबुल फझलच्या ‘आईन-ए-अकबरी’त येतो, आणि तो ग्रंथ सोळाव्या शतकाच्या अखेरचा आहे. त्यानंतर सतराव्या शतकात फकीरुल्लाहच्या ‘रागदर्पण’ या फारसी ग्रंथात खुस्रोच्या नावावर आणखी अनेक प्रकार जमा होतात. म्हणजे पहिल्या ठळक उल्लेखात आणि खुस्रोत सुमारे पावणेतीनशे वर्षांचे अंतर आहे.

गोपाल नायक या देवगिरीच्या गवयाशी खुस्रोची स्पर्धा झाली, खुस्रोने लपून त्याचे गाणे ऐकले आणि मग तीच गायकी कौल-तराण्यांत मांडून दाखवली, ही गोष्ट महाराष्ट्रात आवडीने सांगितली जाते. ती दंतकथा म्हणून सांगावी, इतिहास म्हणून नव्हे.

तथापि ‘कौल’ आणि ‘तराना’ ही नावे जोडीने येतात, याकडे दुर्लक्ष करू नये. मध्ययुगीन इराणी दरबारी संगीतात ‘नौबत’ नावाची एक मोठी, अनेक भागांची रचना होती. तिचे चार भाग कौल, गझल, तराना आणि फुरूदाश्त असे होते. अब्दुल कादिर मरागी (निधन १४३५) या संगीतशास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले आहे, आणि त्या रचनेतील तराना हा रुबाईच्या छंदातला होता. दिल्लीतील कौल-तराना ही जोडी या इराणी रचनेची आठवण ठेवून आहे, असे मानण्यास सबळ आधार आहे. आजही कव्वाल ‘मन कुन्तो मौला’ हा कौल म्हणतात तेव्हा अरबी वचनाला लागूनच ‘दर दिल दर दानी’, ‘तनाना नाना’, ‘यलली’ असे तराण्याचे बोल येतात. खुस्रोने स्वतः काय केले हे निश्चित सांगता आले नाही, तरी तराणा हे नाव आणि त्यातले काही बोल इराणी संगीताच्या वाटेने दिल्लीत आले, एवढे ठामपणे म्हणता येते.

यातूनच शब्दाच्या आजच्या दोन मुख्य अर्थांचा उलगडा होतो. मुळात ‘तराना’ म्हणजे चालीवर म्हटलेली छोटी कविता. गवयांकडे आल्यावर कवितेतले शब्द हळूहळू गळाले आणि बोल उरले. जुन्या तराण्यांच्या अंतऱ्यात मधूनच एखादी फारसी ओळ भेटते, ती त्या कवितेची उरलेली खूण आहे. उर्दू कवींकडे मात्र शब्दच ठळक झाले आणि गाणे एकट्याचे न राहता समूहाचे झाले.

खुस्रोपूर्वी भारतात अशा प्रकारचे गायन होते का?

होते, आणि त्याचा भक्कम पुरावा महाराष्ट्रातच आहे. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात प्रबंध या गानरचनेची सहा अंगे सांगितली आहेत : स्वर, बिरुद, पद, तेनक, पाट आणि ताल. यांपैकी ‘तेनक’ म्हणजे ‘तेन तेन’ असे मंगलसूचक बोल आणि ‘पाट’ म्हणजे वाद्यांचे बोल. त्याही आधी नाट्यशास्त्रात शुष्काक्षरांच्या, म्हणजे अर्थविरहित अक्षरांच्या गीताचे वर्णन आहे. त्याला ‘निर्गीत’ म्हणत.

विशेष हे की, ‘तेन’ या बोलाचा संबंध शार्ङ्गदेवानेही ‘तत्त्वमसि’सारख्या महावाक्यातील ‘तत्’ या पदाशी जोडला आहे. निरर्थक वाटणाऱ्या बोलाला पवित्र अर्थ देण्याची ओढ म्हणजे सूफींची किंवा ध्रुपदियांची मिरास नाही. ती त्याहून जुनी आहे.

त्यामुळे तराणा ‘आपला’ की ‘बाहेरचा’ हा वाद निष्फळ आहे. बोल गाण्याची रीत येथे होती, नाव आणि काही बोल तिकडून आले, आणि आज आपण ऐकतो तो तराणा ख्यालाच्या घराण्यांत येथेच वाढला.

सतार-सरोदाचा आणि तराण्याचा काय संबंध?

फार जवळचा आहे. सतारीच्या आघातांना ‘दा’, ‘रा’ आणि ‘दिर’ म्हणतात, आणि तराण्यातले ‘दिर दिर’, ‘दारा’ हे बोल त्याच कुळातले आहेत. द्रुत गतीची बांधणी आणि द्रुत तराण्याची बांधणी यांतील साम्य ऐकताक्षणी जाणवते. कोणी कोणाकडून घेतले याचा निवाडा करण्यापेक्षा दोघांची देवाणघेवाण पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

त्रिवट आणि चतरंग हे तराण्याचेच प्रकार आहेत का?

ते त्याचे सोबती आहेत. त्रिवटात पखवाजाचे किंवा तबल्याचे बोल प्रमुख असतात. चतरंगात चार गोष्टी एकाच बंदिशीत गुंफलेल्या असतात : अर्थपूर्ण पद, तराण्याचे बोल, सरगम आणि तालवाद्याचे बोल.

‘तिल्लाना’ म्हणजे दक्षिणेकडील तराणाच का?

कर्नाटक संगीतातील आणि भरतनाट्यम्‌मधील तिल्लाना तराण्याच्या नात्यातला आहे. नावही ‘तराना’वरूनच आले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तिल्लान्यात बोलांबरोबर शेवटी सहसा अर्थपूर्ण साहित्याच्या ओळी येतात, आणि नृत्यात तो समारोपाच्या सुमारास येतो. कथकमध्येही तराण्यावर नृत्य करण्याची प्रथा आहे.

मराठी वाचकांना येथे तंजावरची आठवण करून देणे आवश्यक वाटते. भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी राजे (राज्यकाल १७९८–१८३२) यांनी नृत्यासाठी मराठीत ‘निरूपणे’ रचली. त्यांत एकाच कथेवर ओळीने अनेक रचना बांधलेल्या असतात, आणि त्या क्रमात तिल्लानाही आहे. त्यांच्याच दरबारात असलेल्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार बंधूंनी भरतनाट्यम्‌च्या कार्यक्रमाला आजचा क्रम दिला. मराठीत रचलेल्या नृत्यसाहित्यात तिल्लाना होता, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी सांगितली जात नाही, याचा खेद वाटतो.

महाराष्ट्रात तराणा कोणी गायला, कोणी वाढवला?

बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याद्वारे ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आली, तेव्हा ख्याल आणि टप्प्यांबरोबर तराणेही आले. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी क्रमिक पुस्तकमालिकेत अनेक तराणे स्वरलिपीत छापले, त्यामुळे ते घराण्यांबाहेरच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचले. पुण्यात गांधर्व महाविद्यालय चालवणारे विनायकराव पटवर्धन (१८९८–१९७५) तर तराण्यासाठीच विख्यात होते.

महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी कुटुंबांचा यातला वाटाही मोठा आहे. ग्वाल्हेरचे कृष्णराव शंकर पंडित, अजमेरात वाढलेल्या आणि हैदराबादेत स्थायिक झालेल्या मालिनी राजूरकर (१९४१–२०२३), कानपूरच्या बोडस घराण्यातून आलेल्या वीणा सहस्रबुद्धे (१९४८–२०१६) या तिघांचेही तराणे रसिकांच्या विशेष स्मरणात आहेत. रामपूर-सहसवान घराण्याचे उस्ताद निसार हुसेन खाँ (निधन १९९३) यांना तराण्याचे बादशहा मानले जाई. ते बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या दरबारात गायक होते.

‘तराना’ आणि ‘तरन्नुम’ एकाच मूळापासून आले आहेत का?

नाही. ‘तरन्नुम’ हा अरबी शब्द आहे आणि तो वेगळ्याच धातूपासून आला आहे. मुशायऱ्यात शायर आपली गझल चालीवर म्हणतो तेव्हा ती ‘तरन्नुमने’ म्हटली असे म्हणतात. साध्या पठणाला ‘तहत’ म्हणतात. वर उल्लेखिलेल्या उस्मानी संगीतातील बोलांना मात्र याच शब्दाच्या तुर्की रूपाने, ‘तेरेन्नुम’ असे म्हणतात, त्यामुळे गोंधळ होणे स्वाभाविक आहे. त्याचप्रमाणे संस्कृत ‘तरण-तारण’शीही ‘तराना’चा व्युत्पत्तीने संबंध नाही.

‘तराना’, ‘नगमा’, ‘गीत’ आणि ‘गाना’ यांत काय फरक आहे?

‘गाना’ हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. ‘गीत’ उर्दूतही चालतो, पण तेथे त्याला हिंदी लोकगीताच्या वळणाच्या कवितेचा गंध असतो. ‘नगमा’ अरबीतून आला असून त्यात सुरेलपणा प्रधान आहे. वाद्याच्या सुरांनाही नगमा म्हणता येते, आणि तबल्याच्या एकलवादनाबरोबर हार्मोनिअमवर वाजणाऱ्या लेहऱ्याला, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या धूनेला, ‘नगमा’ म्हणतात, हे मराठी संगीतप्रेमींना ठाऊक आहे. पाकिस्तानात देशभक्तिपर गाण्यांना ‘मिल्ली नगमे’ म्हणतात आणि राष्ट्रगीताला मात्र ‘तराना’. हा भेद तेथे काटेकोरपणे पाळला जातो.

आजच्या इराणमध्ये आणि अफगाणिस्तानात या शब्दाचा अर्थ काय?

इराणमध्ये ‘तराने’ म्हणजे आधुनिक गाणे किंवा गाण्याचे शब्द, आणि गीतकाराला ‘तराने-सरा’ म्हणतात. ते मुलींचे आवडते नावही आहे. अफगाणिस्तानात तालिबानने वाद्यांना मनाई केली, आणि वाद्यांविना म्हटल्या जाणाऱ्या त्यांच्या प्रचारगीतांना ‘तराना’ हेच नाव मिळाले.

तराणा मैफलीच्या शेवटी उरकण्यासाठीच असतो का?

तसा समज होण्याइतका तो अलीकडे शेवटी आणि घाईने गायिला जातो, हे खरे आहे. बड्या ख्यालानंतर छोट्या ख्यालाऐवजी तराणा घेण्याची रीत चांगली आहे, परंतु त्याला पाच मिनिटांत संपवण्याची सक्ती नाही. मध्यलयीत बोल उलगडत, बोलांच्या वजनाशी खेळत रागाची बढत करता येते, आणि जुन्या गवयांच्या ध्वनिमुद्रणांत ती ऐकायला मिळते.

ज्याने तराणा कधी लक्षपूर्वक ऐकला नाही, त्याने कोठून आरंभ करावा?

प्रथम कव्वालांकडून ‘मन कुन्तो मौला’ ऐकावे आणि अरबी वचन संपून बोल सुरू होतात ती जागा हेरावी. त्यानंतर अमीर खाँसाहेबांचा हंसध्वनीतील तराणा ऐकावा; त्यात फारसी ओळ आणि बोल दोन्ही आहेत. मग मालिनी राजूरकर यांचा एखादा द्रुत तराणा घ्यावा आणि वेग वाढत जातो तसे ‘दिर दिर’मधले प्रत्येक अक्षर सुटे ऐकू येते का, इकडे लक्ष द्यावे. शेवटी एखादा तिल्लाना ऐकावा. हातावर ताल धरून ऐकल्यास बोलांची वजने लवकर कळू लागतात, आणि एकच तराणा दोन-तीन गायकांकडून ऐकायला मिळाला, तर बोल तेच असूनही गायकी किती वेगळी होते, हे समजते.